गंजरोधक विनायकराव

"काका, या वर्षी तुम्ही सासऱ्याचा रोल करा," निवेदिता म्हणाली, आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये विनायकराव डांग्यांचा चहा हातातल्या हातात गार झाला.

बावीस वर्षं मंडळाच्या नाटकाचे नायक विनायकरावच. नायिका बदलत. एक तर आजी होऊन पुण्याला निघून गेली. नायक मात्र हलला नव्हता.

"सासरा? मी? काहून?"

"हीरो चाळीसचा आहे, काका. आणि आप अड़सठ के हो."

"दिसतो का मी तेवढा?"

निवेदिता दिग्दर्शन करायची, पण अभिनय तिला मुळीच जमत नसे. "हव, दिसता," ती म्हणाली. मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून तिला दया आली. "एक जानेवारीला कास्टिंग फायनल. तोवर चाळीसचे दिसलात तर रोल तुमचा. नहीं तो भार्गव भैया."

भार्गव बँकेत होता, चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि त्याहून वाईट म्हणजे सडपातळ होता.

त्याच आठवड्यात पेपरच्या आरोग्य पुरवणीत विनायकरावांनी वाचलं, की आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजनच शरीराला आतून हळूहळू गंजवतो, त्यानं माणूस म्हातारा होतो आणि या गंजाला अडवणारी द्रव्यं गाजर-पपईत असतात. विनायकराव खुर्चीतून उठलेच. उरला औद्योगिक वसाहतीतल्या पाइप कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं गंजरोधक खात्यात काढली होती.

"गोदावरी! म्हातारपण म्हणजे गंज आहे नुसता! हे तर आपलंच डिपार्टमेंट निघालं!"

"तुम्ही काय पाइप आहा?" गोदावरीबाईंनी कणीक मळता मळता विचारलं.

"तत्त्व एकच. एक कोट चालत असेल, तर तीन मारायचे."

पहिला कोट सकाळी दीड किलो गाजरांच्या रसाचा, दुसरा दुपारी अख्ख्या पपईचा आणि तिसरा रात्री लाल भोपळ्याचा. शिवाय जितकी हवा जास्त तितका गंज जास्त, या कारखान्यातल्या अनुभवाला जागून त्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं. प्राणायाम तर त्यांना आता आत्महत्येचाच प्रकार वाटू लागला.

डिसेंबरच्या मध्याला शेजारच्या लताबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! भाऊजीले पीलिया झाला!"

गोदावरीबाईंनी नवऱ्याला उजेडात ओढलं. हात पिवळे, नाक पिवळं, तळपाय तर झेंडूसारखे.

"तेज आहे ते," विनायकराव म्हणाले.

तेजावर लताबाईंचा विश्वास बसला नाही. ब्राह्मणपाऱ्यात पीलिया झाडणारा एक बुवा होता. त्यानं मंत्र पुटपुटत चुन्याच्या पाण्यात विनायकरावांचे हात धुतले. पाणी पिवळंधमक झालं. विनायकराव होते तितकेच पिवळे राहिले.

मग गोदावरीबाईंनी त्यांना डॉक्टर देवश्रीकडे नेलं. तिनं पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "काका, गाजर किती खाता?"

"जास्त नाही. महिन्याचं पंचेचाळीस किलो."

"कावीळ नाही ही. डोळे पांढरे आहेत तुमचे. गाजराचा रंग चढलाय अंगावर, उतरायला दोनेक महिने लागतील."

"आणि गंज?"

"गंजाशी लढणारी फौज शरीर स्वतःच पाळतं, काका. रोज चाललं-फिरलं की थोडा गंज चढतो, तो पाहूनच ती फौज जागी राहते. तुम्ही चालणंच बंद केलं, आता ती झोपून राहिली."

एक जानेवारीला निवेदितानं विनायकरावांकडे पाहिलं, भार्गवकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. "काका, सासरा तिसऱ्या अंकात मरतो. आजारी असतो बिचारा."

पुढे बोलायची गरजच पडली नाही.

महिनाअखेरीला आंतर-मंडळ नाट्यस्पर्धेत नाटक उभं राहिलं. विनायकराव रागानं मेले. खाटेवर, प्रेक्षकांकडे तळपाय करून, नायकाचं वाक्य दोनदा तोडून मेले. पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. पडदा पडून अभिवादनासाठी पुन्हा वर गेला तसे मात्र, भार्गवच्या आधी पुढे जायचं म्हणून, ते खाटेवरून टुणकन उडी मारून उठले आणि छाती काढून उभे राहिले.

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी माइक हातात घेतला.

"अभिनयाचं बक्षीस आम्ही सासऱ्याला देणार होतो. पण मग ती उडी पाहिली! म्हणजे चाळिशीतला तरणाबांड गडी, आणि त्याला सत्तरीचा रोगी म्हातारा करून टाकला! केसांना पांढरी पावडर, हातांवर ती कळा... अहो, तळपायसुद्धा रंगवले! हे श्रेय नटाचं नव्हे. म्हणून अभिनयाचं बक्षीस भार्गव यांना, आणि उत्कृष्ट रंगभूषेचं मारोती यांना!"

विंगेत विनायकरावांशेजारी उभा असलेला मंडळाचा मेकअपवाला मारोती पांढराफटक पडला. "काका, मी तर तुमच्या तोंडाले बोटही नाही लावलं! जाऊन सांगा ना, अडुसष्टचा आहो म्हणून. बक्षीस तुमचं आहे!"

बावीस वर्षांत विनायकरावांना अभिनयाचं बक्षीस एकदाही मिळालं नव्हतं. आता एका वाक्याचं काम होतं. माइक चार पावलांवर होता.

"बक्षीस घेऊन ये, मारोती," ते हळूच म्हणाले. "आणि तोंड उघडशील तर खबरदार!"

मारोती ढाल घेत असताना विंगेत सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होते ते दोन पिवळे हात.