हालू नोको

गेल्या निवडणुकीत आमच्या शेजारच्या टेंभरे सरांना मतदान न करताच परत पाठवत होते. त्यांचं बोट म्हणे आधीच काळं होतं. एकच काय, दहाही काळी होती. सर तिथल्या बाबूवर खवळले, "तुमची शाई अन् माझं औषध एकच हाय. सिल्व्हर नायट्रेट. तुले शिकवलं नाही का मी?" शिकवलं होतं. बाबू त्यांचाच विद्यार्थी निघाला, म्हणून निभावलं.

सर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. रीळ आली त्या दिवशी फोटोग्राफी मेली, असं त्यांचं ठाम मत. ते जुन्या काळासारखा काचेवर फोटो काढतात. काचेवर चिकट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच लाकडी कॅमेऱ्यात घालायची. गोंदियाच्या मे महिन्यात ती वाटेतच वाळते आणि त्याचा राग आमच्यावर निघतो. कॅमेऱ्याचं झाकण काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत बसणाऱ्यानं पापणीसुद्धा हलवायची नाही. त्यासाठी सायकलच्या नळीचा एक चिमटा केलाय, तो मागून मानेला लावतात. त्या चिमट्यापायी माझी मान आखडली ती कितीतरी दिवस. "हालू नोको" हे त्यांचं पालुपद. बोदलकशाच्या तलावावर ते बगळ्यांना असंच ओरडले होते. बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानांनाही ओरडतात.

सगळ्यात जास्त ओरडा खाल्ला तो काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. काकू हात नाचवल्याशिवाय बोलत नसत आणि बोलल्याशिवाय राहत नसत. गेल्या वर्षी त्या गेल्या.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध होतं. मुलानं मोबाइलमधला फोटो मोठा करून आणला होता. छान, काठपदराची साडी, हसरा चेहरा. पंगत बसायच्या आत सरांनी तो भिंतीवरून काढला आणि तिथे आपली एक काच लावली. काचेत खुर्ची स्पष्ट, साडीच्या निऱ्या स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. नातेवाईक कुजबुजायला लागले, मुलगा रडवेला झाला. माझं डोकंच फिरलं. जन्मभर त्या बाईवर ओरडलात, आता मेल्यावर तिला तोंडही ठेवलं नाही? मी तरातरा आतल्या खोलीत गेले.

सर मोबाइलवाला फोटो मांडीवर घेऊन बसले होते.

"सर, कायले हा हट्ट? लोकांना काकू दिसायला नको?"

"काऊन भडकून राहिली?" त्यांनी आपलं काळं बोट फोटोवर ठेवलं. "हे कोण हाय? गप बसली हाय. थे कधी गप बसली होती का?"

मी दारातूनच भिंतीवरच्या काचेकडे बोट दाखवलं.

"मी झाकण काढलो, हालू नोको म्हणलो. अन् थे बोलतच राहिली. गॅसवर दूध हाय, तुमी शर्ट बदला, बहिणीले फोन करा. झाकण लावेपर्यंत. काच वाया गेली म्हणून बहुत बोललो तिले. थे सारं बोलणं त्या काचेत हाय. ह्या फोटोत एक शब्दबी नाही."

मी बाहेर येऊन मुलाला सांगितलं, काच राहू दे. तो माझ्यावरच चिडला. "तुम्हालाही दिसत नाही का? आईचं तोंड कुठे आहे त्यात?"

तेवढ्यात सर मागून आले. काचेवरचा हार सरळ केला आणि त्या धुराकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाले, "हाल. हाल आता, तुले किती हालाचं थे."