नेने काकांची बिअर का अडली

नेने काकांना काहीही सांगा, ते आधी एकच विचारतात, "कालपर्यंत चालत होतं ना? मग काय बदललं?" बॉयलर बंद पडला, ट्रेन रद्द झाली, माझं लग्न ठरता ठरता मोडलं, प्रत्येक वेळी हेच. लग्नाच्या वेळी मी तीन कारणं सांगितली. काकांनी ती वहीत लिहून घेतली आणि म्हणाले, "यातलं दुसरं कारण नाहीच. ते लक्षण आहे." त्यांचं बरोबर होतं.

मी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. काकांनी तीस वर्षं आयटी सपोर्टमध्ये काढली. आता निवृत्त आहेत आणि घरी बिअर करतात. पितात मात्र दोन चमचे, औषधासारखी, तोंड वाकडं करून. बिअर करायला शिकवली शेजारच्या कीथनं. कुंपणावरून चालणारी दोघांची भांडणं मला वर ऐकू यायची. मार्चमध्ये कीथ पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्याला म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये हलवलं. तेव्हापासून तो बोलेनासाच झाला. डॉक्टर म्हणतात, आवाजाला काही झालेलं नाही. काका दर मंगळवारी जातात, तासभर एकटेच हवामानावर बोलतात आणि परत येतात. "आजही नाही," एवढंच सांगतात.

अशात बिअर अडली. बिअर आंबवायच्या बादलीच्या झाकणावरच्या नळीतून येणारे बुडबुडे थांबले. मी म्हटलं, "झाली असेल तयार."

काकांना माझी कीव आली. "बुडबुड्यांवर विश्वास ठेवायचा नसतो गं. आकडा बघायचा."

साखर किती उरली ते सांगणारी काचेची कांडी, म्हणजे हायड्रोमीटर, १.०२० दाखवत होती. यायला हवं होतं १.०१०. तीन दिवस आकडा जागचा हलला नाही. यीस्ट अर्ध्या वाटेत झोपलं होतं.

"मंगळवारी कीथला विचारू," काका म्हणाले. "तू पण चल."

मला अनोळखी माणसांसमोर शब्द सुचत नाहीत. न बोलणाऱ्या माणसाकडे जायला माझी काहीच हरकत नव्हती.

कीथ खिडकीकडे तोंड करून बसला होता. काकांनी हवामानाचं नावही काढलं नाही. वही उघडून सगळे आकडे वाचले आणि शेवटी म्हणाले, "तर कीथ, मी त्यात आणखी एक किलो साखर टाकतोय."

कीथची मान वळली.

"यू विल नॉट," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. "यू डाफ्ट सॉड." म्हणजे, अरे बावळटा.

चहा आणणारी बाई दारातच थांबली. पुढची वीस मिनिटं कीथ काकांना झापत होता. तापमान चौदा अंश? त्या बिचाऱ्या यीस्टनं स्वेटर घालायचा का? वीस अंशांवर आण. तळ चमच्यानं हलकेच ढवळ. आणि झाकण सारखं उघडून बघू नकोस. काका मान खाली घालून सगळं लिहून घेत होते.

घरी आल्यावर मीच उत्साहानं बादली गरम ठेवणारा हीटर लावायला वाकले. प्लग काढलेला होता. वायर नीट गुंडाळून तिला रबरबँड लावला होता. बाजूला ठेवलेल्या वहीत काकांच्या अक्षरात गेल्या आठवड्याची नोंदही होती: 'सोमवार, सकाळी दहा. हीटर मुद्दाम बंद.'

मी वळून पाहिलं. काका चष्मा पुसत होते.

"लावू?" मी विचारलं.

"नको. बिअर काय, परत करता येईल," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी त्याला सांगायचंय, तुझा उपाय काही चालला नाही."