अमेरिकन गाडी आणि आमच्या घरातल्या चादरी

जे यंत्र फिरतं, ते मला दुरुस्त करता येतं! हे मी कुठेही, कोणाहीसमोर सांगायला तयार असतो. उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली मी. डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू काढले आणि जागच्या जागी परत बसवले. मग मोटारगाडीचं काय घेऊन बसलात? तेही घड्याळच, फक्त अंगाने जरा सुटलेलं!

हेच वाक्य मी मेहुण्याला फोनवर ऐकवलं आणि तिथेच माझा घात झाला.

गाडी माझ्या सासऱ्यांची. जुनी अमेरिकन. लांबी एवढी, की तिच्या पुढच्या टोकाला उभ्या माणसाने मागच्या टोकाला उभ्या माणसाला पत्र टाकावं. मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, पुढे चकचकीत जाळी, जणू कोणी नवी कवळी बसवून हसतंय. सासरे गेले आणि ती आमच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली ती राहिलीच. आमच्या हिला मात्र त्या गाडीचं भारी वेड. लहानपणी वडिलांनी मांडीवर बसवून हिच्या हातात स्टिअरिंग दिलं होतं, आणि मोठेपणी त्याच गाडीवर चालवायलाही शिकवलं होतं. अजूनही ही येता-जाता पदराने तिची काच पुसते. माझ्या चष्म्याची काच कधी पुसलेली आठवत नाही.

मेहुण्याला घरात सगळे छोटू म्हणतात. हा छोटू आमच्या दारातून आडवा होऊन आत येतो, एवढा छोटू!

"भावजी," छोटू फोनवर म्हणाला, "गाडी माझ्याही वडिलांची आहे. गंजून तिची माती झालेली मला बघवत नाही. रविवारी येतो. आपल्या चाकांवर फाटकाबाहेर पडली तर ती ताईची. नाही तर भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

"अरे, गाडी म्हणजे काय..." म्हणून मी ते घड्याळाचं वाक्य टाकलं.

"भावजी, माझं घड्याळ तुम्ही दुरुस्त केलंत तेव्हापासून मी लोकांना वेळ विचारतो," छोटू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हिने सगळं ऐकलं होतं. एरवी माझ्यावर तुटून पडणारी बाई नुसती शेडकडे बघत बसली. ते काही मला बघवेना. म्हटलं, आता माघार नाही!

घड्याळजीची कामाची एक पद्धत असते. काढलेला प्रत्येक भाग पांढऱ्या कपड्यावर, निघाला त्याच क्रमाने मांडायचा, डावीकडून उजवीकडे. बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. डोक्याला ताप नाही. सगळं कपडाच लक्षात ठेवतो. घड्याळाला हातरुमाल पुरतो. गाडीला मी चादर घेतली.

एक चादर दरवाज्याच्या कड्यांतच संपली!

मग दुसरी घेतली. शेडमध्ये जागा उरली नाही, म्हणून तिसरी बैठकीच्या खोलीत अंथरली. इंजिनाला मी मुद्दाम हात लावला नाही, वरवरची साफसफाई केली आणि नवी बॅटरी जोडली. चालत्या माणसाचं पोट कशाला फाडायचं? पण बाकीचं सगळं काढलं. बंपर सोफ्यासमोर आला. जाळी आमच्या पलंगावर माझ्या जागी झोपली, मी खाली. गिअरच्या दांड्याखालच्या दोन सळया, दिसायला अगदी जुळ्या बहिणी, त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या. घरातली माणसं चादरींच्या कडेकडेने, भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी चालू लागली.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे विचारत होते, मागे भिंतीला टेकवलेला तो सायलेन्सर कोणाचा?"

"मग काय सांगितलंस?"

"सासऱ्यांचा म्हटलं. त्यावर कोणी पुढे काही विचारलं नाही."

"हात लावू नकोस म्हणजे झालं! एक स्क्रू जरी हलला तरी सगळा क्रम बिघडेल."

हे मी सुनेला बजावलं. मुलाला बजावलं. मांजराला काठी दाखवून बजावलं. राहिली कोण? ही! गाडी हिच्याच वडिलांची, हिला वेगळं काय सांगायचं, असं मला वाटलं. माणूस फसतो तो असा.

शनिवारी मी बंपरला पॉलिश आणायला बाजारात गेलो. दुकानदाराला माझी चादर पद्धत समजावण्यात जरा उशीर झाला. परत आलो, दार उघडलं आणि वाटलं, चुकून शेजाऱ्यांच्या घरात शिरलो. बैठकीची खोली लखलखत होती! जमीन दिसत होती! एकही चादर नव्हती.

"अगं! गाडी कुठे गेली?"

"ओरडू नका. सगळं आहे." ही हसत बाहेर आली. किती दिवसांनी हसली होती! "छोटू येणार उद्या. त्याने पसारा बघून नाक मुरडायला नको. म्हणून सगळं साबणाने स्वच्छ धुतलं, पुसलं, आणि नीट लावून ठेवलं. या, दाखवते."

स्वयंपाकघराच्या फळीवर बरण्या मांडल्या होत्या. एकीत बारीक स्क्रू, दुसरीत त्याहून मोठे, तिसरीत नट, चौथीत वायसर. लहान लहानांत, मोठे मोठ्यांत! त्या दोन जुळ्या सळया सुतळीने एकत्र बांधून कोपऱ्यात उभ्या. आणि माझ्या चादरी, त्यांनी लक्षात ठेवलेल्या सगळ्या क्रमासकट, मागच्या दोरीवर वाळत होत्या.

"कसं वाटतंय?" हिने विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण ही एवढ्या आशेने बघत होती, की तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "छान. फार छान. आता काम पटकन होईल."

आणि मी शेजारच्या खुर्चीत बसलो. बसलो कसला, कोसळलोच!

मग सुरू झाली जुळवाजुळव. ही बरण्या धरून उभी, सूनबाई टॉर्च धरून, आणि मी गाडीखाली.

"मधला स्क्रू दे."

"मधल्यांत तीन बरण्या आहेत."

"तिन्ही दे. जो बसेल तो खरा!"

एखादा स्क्रू सैल निघाला तर मी कागदाचा बोळा घालायचो, घट्ट निघाला तर हातोडी. घड्याळावर हे केलं असतं तर गिऱ्हाइकाने मला जागच्या जागी फटकावलं असतं. त्या दोन सळयांपाशी मी अडलो. कुठली पहिली, कुठली दुसरी? उजवीकडची उचलली, देवाचं नाव घेतलं आणि लावून टाकली. शेवटी गाडी उभी राहिली. दिसायला अगदी पहिल्यासारखी! फक्त एक घमेलंभर सामान उरलं.

"हे कसलं?" हिने विचारलं.

"जास्तीचं आहे. श्रीमंत देशातली गाडी, हात सैल सोडून बनवलेली!"

रविवारी छोटू आला. फाटकातून आत शिरला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि घमेल्याकडे बघून म्हणाला, "भावजी, ही गाडीची पिल्लं का?"

"तू आत बस आधी!" मी म्हटलं.

"चालवणार कोण?"

झालं! मला गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट एवढ्या गडबडीत कोणाच्या लक्षातच आली नव्हती. माझ्याही!

"सरका," ही म्हणाली. पदर खोचला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. शेजारी छोटू. मागे मी आणि सूनबाई. हिने किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली, सगळ्या अंगाने थरथरली आणि चालू झाली! हिने डोळे मिटून घेतले.

"आई, डोळे उघडा!" सूनबाई किंचाळली.

गाडीचं तोंड शेडच्या भिंतीकडे होतं, त्यामुळे आधी मागेच घ्यायची होती. हिने दांडा ओढला आणि गाडी मागे निघाली. मऊ, संथ, राजाची पालखी निघावी तशी! फाटक पार झालं. रस्ता आला. छोटूने वळून माझा हात धरला. "भावजी, हरलो. गाडी ताईची!"

"सांगत होतो ना? अंगाने सुटलेलं घड्याळ!"

"ताई, आता जरा पुढे घे. एक चक्कर होऊन जाऊ दे."

हिने दांडा हलवला. गाडी मागे गेली.

"पुढे, ताई."

हिने दुसरीकडे हलवला. दांडा ढिम्म! परत ओढला. गाडी पुन्हा मागे, या वेळी जास्त उत्साहाने. सायकलवरून येणारा दूधवाला ही शेपटी चालून येताना बघून सरळ कुंपणात शिरला.

"भावजी," छोटू अगदी हळू आवाजात म्हणाला, "हिला पुढे जाता येत नाही का?"

"सध्या नाही."

"मग ही चालली असं कसं म्हणायचं? मी शब्द मागे घेतो!"

"खबरदार!" हिने एवढ्या जोरात ब्रेक दाबला, की छोटूच्या मांडीवर घरातली सगळी धूळ... नाही, घरात धूळ नव्हती, गाडीच्या छतातली सगळी धूळ पडली. "फाटकाबाहेर पडली तर ताईची, एवढंच म्हणाला होतास. तोंडाने पडेल की पाठीने, हे ठरलं होतं का?"

"नव्हतं ठरलं, पण..."

"बाबांनी मला मागे बघून चालवायला आधी शिकवलं होतं. तू तेव्हा मागच्या सीटवर रडत होतास. मान खाली घाल, मला काच दिसत नाही!"

छोटूने मान खाली घातली. आणि मंडळी, आमची वरात निघाली. शेपटी पुढे, तोंड मागे! वाण्याच्या दुकानावरून, शाळेवरून, दवाखान्यावरून, अख्ख्या वस्तीला उलटा वळसा. ही एक हात सीटवर टाकून, मान वळवून, सरळ रेषेत गाडी हाकत होती. लोक टाळ्या वाजवत होते. मी हात हलवत होतो. वळणावर छोटूनेही हात हलवला आणि चक्क हसला. "ताई, बाबा असते तर खूश झाले असते गं," म्हणाला. हिने नाक ओढलं आणि बरोबर फाटकातून, कुठेही न घासता, गाडी शेडमध्ये नेऊन उभी केली. पाठ भिंतीला टेकवून.

"घे. तुझीच," छोटू म्हणाला आणि डोळे पुसत खाली उतरला.

"उद्या सकाळी मी एकटी जाणार हिला घेऊन," ही म्हणाली. "बाजारात. सगळ्यांना दाखवत."

सूनबाई गाडीच्या तोंडाकडे बघत होती. ते आता फाटकाकडे होतं. मग तिने गाडीमागच्या भिंतीकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "पण ही बाहेर कशी काढणार?"

'सळया बदलतो, चुटकीसरशी होईल,' म्हणून मी पाना उचलला. हिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि छोटूकडे दिला. छोटू तो घेऊन आपल्या घरी गेला.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचे खांदे भक्कम असतील, तर सकाळी आमच्याकडे या. गाडी फाटकापर्यंत फक्त ढकलायची आहे. एकदा बाहेर आली, की जगात कुठेही जाते. मागे बघून!