दोन एक्के आणि रविवारची झोप

मी एकदाच फटकन 'हो' म्हटलं, त्याची ही गोष्ट. एरवी माझ्या तोंडून 'हो' निघायला वेळ लागतो. मुलीला स्वेटर घालावा की नको हे ठरवायला परवा मला चाळीस मिनिटं लागली; तोवर ऊन आलं आणि प्रश्नच मिटला. (माझे बरेचसे प्रश्न असेच मिटतात. मी त्याला संयम म्हणते. नवरा वेगळा शब्द वापरतो.)

तर नवऱ्याच्या ऑफिसने कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ऑनलाइन पोकरची स्पर्धा ठेवली. प्रवेश फुकट, पैशांऐवजी लुटुपुटूच्या चिप्स आणि बक्षीस म्हणून कप, तोही चहाचा. मला त्यात काडीचाही रस नव्हता. पण नवरा म्हणाला, "दोघंही खेळू. जो आधी बाद होईल, त्याने रविवारी दुपारी एकपासून पाचपर्यंत भुंग्याला सांभाळायचं. दुसऱ्याने आतल्या खोलीत कडी लावून झोपायचं."

भुंगा म्हणजे आमची अकरा महिन्यांची मुलगी. ती जागी असली की अखंड गुणगुणते, आणि ती अखंड जागी असते. अकरा महिन्यांत मी सलग चार तास झोपलेले नाही. खोली, कडी आणि झोप हे तीन शब्द एकाच वाक्यात ऐकून माझे डोळे भरून आले. मी 'हो' म्हणून बसले.

खेळ त्याने मला एका संध्याकाळी शिकवला. "तू बिचकत खेळणार, म्हणजे तुझ्या चिप्स कमी होत जाणार," त्याने आधीच माझं भविष्य सांगून टाकलं. "तेव्हा तू कमी चिप्सचंच शीक. ब्लाइंड म्हणजे आळीपाळीने टेबलावर टाकावी लागणारी सक्तीची वर्गणी. अशा दहाएक वर्गण्यांपुरत्याच चिप्स उरल्या, की टेबलावरचे सगळ्यांना सामाईक असलेले पाच पत्ते उघडायच्या आधीच काय ते ठरवायचं. हातातले दोन पत्ते बघायचे. एक तर सगळं लावायचं, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे."

"थोडंसं लावून बघितलं तर?"

"नाही."

"अर्धं?"

"अगं, मधलं काही नाही."

हे फारच वाईट होतं. माझं सगळं आयुष्य मधल्यात चाललेलं असतं.

मग त्याने एक तक्ता रंगवला. प्रत्येक जोडीला एक चौकोन. हिरवा असेल तर सगळं लावा, पांढरा असेल तर टाका. तो तक्ता त्याने फ्रीजवर चिकटवला, भुंग्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदाशेजारी. ताप किती असला की थांबायचं, किती असला की औषध द्यायचं, किती असला की फोन करायचा, हे डॉक्टरांनी माझ्यासाठी खास स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. तळाशी दोनदा अधोरेखित केलेली ओळ आहे: 'ताप नसेल तर फोन करू नका.'

(त्यामुळे उरलेल्या शंका मी फोनवरच्या 'टक्क जाग्या' या ग्रुपवर विचारते. आम्ही सात आया आहोत. त्याच्या बरोबर खाली आता ऑफिसच्या स्पर्धेचा ग्रुप येऊन बसला होता. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

शनिवारी दुपारी तीनला खेळ सुरू झाला. नवरा लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये, मी तक्त्यासमोर स्वयंपाकघरात, आणि मध्ये हॉलमध्ये भुंग्याला मांडीवर घेऊन सासूबाई. पंच म्हणून त्यांना नेमलं होतं. त्यांना पोकर येत नव्हता, पण आम्ही दोघं पाठ होतो.

प्रत्येक वेळी ठरवायला वीस सेकंद मिळत. तेवढ्यात बटण दाबलं नाही, तर कॉम्प्युटर आपण होऊन तुमचे पत्ते टाकून देई. पहिला तासभर माझं असंच चाललं. मी पत्ते बघायची, तक्त्यात चौकोन शोधायची, तो हिरवा आहे की पोपटी याचा विचार करायची, आणि पत्ते गेलेले असायचे.

"अगं, नुसती बसलीयेस का?" सासूबाईंनी हॉलमधून वाकून पाहिलं.

"विचार करतेय, आई."

"पत्ते तर गेले की."

"हो. त्याचाच."

पण झालं काय, चिप्स लुटुपुटूच्या म्हणून ऑफिसातली मंडळी बेधडक सगळं लावत सुटली होती. ज्यांना ज्यांना निर्णय घेता येत होता, ते एकेक करत बाद झाले. छत्तीस जणांचे आठ उरले, आणि त्या आठांत मी होते. (आयुष्यात पहिल्यांदाच काही न केल्याबद्दल मला बढती मिळत होती.) आठांना मिळून एकच टेबल. माझ्याकडे आठ ब्लाइंडपुरत्या चिप्स. समोर नवरा, त्याच्याकडे सात.

"आहेस अजून?" बेडरूममधून आवाज आला.

"आहे बहुतेक."

"आठ ब्लाइंड आहेत ना तुझे? आता नुसतं बसून भागणार नाही हं. तक्ता बघ."

आणि पुढच्याच डावात मला दोन एक्के आले. याहून चांगले पत्ते नसतात, हे मलासुद्धा माहीत होतं. तक्त्याच्या कोपऱ्यातला तो चौकोन सगळ्यात गडद हिरवा होता. बटण दाबायचं, एवढंच काम. पण फार चांगलं काही झालं की मला धडकी भरते. (भुंगा कधी शांत झोपली, तर मी तिच्या नाकापाशी बोट धरून बघते.) सगळं लावलं आणि गेलं तर? रविवार गेला. कडी गेली. उशी गेली.

वीस सेकंद संपली. स्पर्धेत प्रत्येकाला एकदाच मिळणारं राखीव मिनिट सुरू झालं. मी सवयीने फोन उचलला आणि घाईघाईत लिहिलं, 'दोन एक्के आलेत. आठ ब्लाइंड उरलेत. सगळं लावू का? पटकन सांगा.'

तत्काळ उत्तर आलं: 'लावा.'

मला थोडं विचित्र वाटलं. आमच्या ग्रुपवर कुणी एका शब्दात उत्तर देत नाही. आधी बाळाचं वजन विचारतात. पण घड्याळ पळत होतं. मी डोळे मिटून सगळं लावलं. डोळे उघडून फोनकडे पाहिलं, तर 'लावा' म्हणणाऱ्या आईच्या फोटोत मिशा होत्या.

ते नवऱ्याचे मोठे साहेब होते. दुसऱ्याच डावात बाद होऊन बसलेले. त्यांचा पुढचा मेसेज आला, 'वहिनी, हा ग्रुप बहुधा चुकला.'

टेबलावरच्या सहा जणांनी धडाधड पत्ते टाकले. उरला फक्त नवरा. त्याची वीस सेकंद गेली, राखीव मिनिटही संपत आलं. आणि मग त्याने सगळं लावलं.

त्याच्याकडे एक राजा, एक राणी. टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले, त्यात राजा निघाला. बेडरूममधून आरोळी आली.

"आई, मी हरले," मी म्हटलं.

सासूबाई भुंग्याला काखोटीला मारून स्क्रीनपाशी आल्या. "तुझ्याकडे काय आहे?"

"दोन एक्के."

"आणि त्याच्याकडे?"

"आता दोन राजे झाले."

"एक्का मोठा ना?"

"हो. पण अजून दोन पत्ते उघडायचेत."

"मग आत्तापासूनच काय हरतेस?"

चौकटची चव्वी आली. मग नव्वी आली. आणि नवरा बाद झाला.

जरा वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मेसेज वाचला नाहीस का?" मी विचारलं.

"वाचला. मला वाटलं, तू मुद्दाम चुकीच्या ग्रुपवर टाकलास. थाप असणार."

"मी आजवर मुद्दाम काही केलंय?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला, "तेवढं विसरलो."

पुढे मी सहावी आले. कशी ते विचारू नका. मी मनाने तेव्हाच आतल्या खोलीत जाऊन कडी लावत होते.

रविवारी एक वाजता नवऱ्याने भुंग्याला उचललं. "काही झालं तरी पाचच्या आत बाहेर यायचं नाही," सासूबाईंनी बजावलं. मी कडी लावली. उशी थंडगार होती. बाहेरून गुणगुण ऐकू येत होती.

पाच मिनिटांनी ती थांबली.

अकरा महिने मी शांतता मागत होते, पण ती अशी नव्हे. भुंगा झोपली असेल, तर बघायला जाऊन कडीच्या आवाजाने उठवण्यात अर्थ नाही. झोपली नसेल, तर गुणगुणत का नाही? झोपू, की बघून येऊ? मधलं काही नाही. मी दाराला कान लावला. परत येऊन पडले. पुन्हा कान लावला. शेवटी ग्रुपचं नाव तीनदा वाचून 'टक्क जाग्यां'ना विचारलं, 'बाहेर एकदम शांत आहे. बघून येऊ का?' कुणीच उत्तर दिलं नाही. रविवारची दुपार, सगळ्या झोपल्या होत्या.

दोन वाजले. तीन वाजले. घरात ही एक गैरसोय आहे, वीस सेकंदांनी आपले पत्ते टाकून देणारं कुणी नसतं. पाचला एक मिनिट कमी असताना माझा निर्णय झाला, आणि मी कडी काढली.

सोफ्यावर नवरा आडवा, त्याच्या छातीवर भुंगा, खुर्चीत चष्म्यासकट सासूबाई. तिघंही गाढ झोपलेली. कडी खणकली तशी भुंग्याने डोळे उघडले, टवटवीत चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुणगुणायला लागली.

नवऱ्याने एक डोळा उघडून घड्याळ बघितलं आणि तिला माझ्या हातात दिलं. "तू आत गेलीस आणि ही पाच मिनिटांत झोपली बघ. मग आम्हीही पडलो," तो जांभई देत म्हणाला. "तुझी झाली ना मस्त झोप?"

खरं सांगावं की नाही, याचा मी विचार करू लागले. फार नाही, वीसेक सेकंद झाली असतील. तोवर तो पुन्हा घोरायला लागला होता.