पाचवी जीभ

आमच्या गावात घरटी चारच सुट्या जिभांना परवानगी आहे. पाचवं माणूस जन्माला आलं, की त्याची जीभ बांधलेलीच येते. नियम जुना आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर स्वतःबद्दल आहे.

लेक रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा घरात मी, हे आणि मुलगा निनाद असे तिघं होतो. ती चौथी. पोटातल्या नातीला मी मोजलंच नाही! नात जन्मली, आणि पदराखाली घेतली की चुटूक चुटूक आवाज करायची, सुटायची, रडायची. नऊ दिवसांत वजन वाढायचं सोडून तीनशे ग्रॅम उतरलं. रेवतीच्या छातीला चिरा पडल्या, ती ओठ चावून पाजायची. आणि मी? तिच्यापुढे अळिवाची खीर ठेवायची आणि तोंडाचा पट्टा चालवायची. "तुला दूधच नाही गं. वरचं सुरू कर." उठता बसता तेच. पोरगी ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

दहाव्या दिवशी दवाखान्यातल्या दुर्वे सिस्टरांनी नातीच्या जिभेखाली बोट फिरवलं.

"दूध भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "जीभ बांधलेली आहे. घरात सुट्या किती?"

"चार."

"मग एक जमा करा. आजच. बाळ सुकायला लागलंय."

निनादने जावयाच्या घरी फोन लावला. विहीणबाई म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा मोजणीही माहेरचीच." बरोबरच होतं त्यांचं. निनादची नोकरी दिवसभर फोनवर बोलण्याची. ह्यांनी घसा खाकरला आणि पंख्याकडे पाहत बसले.

"माझी घ्या," रेवती म्हणाली.

"बाळंतिणीची चालत नाही," सिस्टर म्हणाल्या. "दुखतंय म्हणून सांगायला तिला लागते."

नऊ दिवसांत तिला कुठं दुखतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी उठले आणि खिडकीवरच्या कारकुनाकडून अर्ज घेतला. 'कारण' या रकान्यात 'नात' लिहिलं.

"बांधण्याआधी एक वाक्य बोलता येतं," कारकून म्हणाला. "एकच."

मी लेकीकडे वळले. "दूध तुला पहिल्यापासून होतं, चुकलं माझं."

"ही दोन झाली."

"मध्ये स्वल्पविराम आहे," सिस्टर म्हणाल्या. त्याने नियमावली उघडून पाहिली आणि शिक्का मारला.

सिस्टरांनी रेवतीच्या पाठीशी उशी दिली, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबल्या आणि मग जवळ घेतलं. नातीची जीभ खालच्या ओठावर आली. चुटूक आवाज थांबला. घोट गिळल्याचा आवाज आला, मग आणखी एक. रेवतीचे खांदे खाली आले, पण डोळ्यांतली धास्ती काही जाईना.

"आई, पितीये ना गं? पुरेल ना तिला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"खरं सांग."

मी पुन्हा हलवली. संध्याकाळपर्यंत तिनं चौदा वेळा विचारलं, आणि चौदाही वेळा मी तिच्या डोळ्यांत बघून मान हलवली.