सासूबाईंच्या कबरीवरचा खोकल्याचा पाला

सासूबाईंच्या कबरीवर काहीतरी लावावं हे इल्मार्सच्या डोक्यात आलं, ते प्रेमापोटी नव्हे, कंबरदुखीपोटी.

त्या गावात कबरींभोवती रेती पसरतात आणि दाताळ्याने तिच्यावर रेघा ओढतात. मागच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, उलटं चालत फाटकापर्यंत यायचं आणि बाहेर पडायचं. आत एकाही पावलाचा ठसा राहता कामा नये. राहिलाच, तर शेजारच्या कबरीवाले काही बोलत नाहीत (नुसते बघतात, ते जास्त लागतं). इल्मार्स तीस वर्षं ही रेती ओढत होता. डोक्यावर लिंडेनचं अवाढव्य झाड, त्यामुळे खाली ऊन म्हणून फिरकत नव्हतं, आणि पानं, काटक्या, शेवाळ यांचा रतीब बारा महिने चालू. ओढून पाठ फिरवावी, तर मागे पुन्हा कचरा.

"मी इथे लकात्सिस लावणार," ऑगस्टमध्ये त्याने बायकोला जाहीर करून टाकलं.

"आईच्या अंगावर खोकल्याचा पाला?" वेल्टाने विचारलं. तिकडे लकात्सिसचा काढा लहानपणी नाक दाबून सगळ्यांनीच प्यायलेला असतो.

"अगं, सावलीत फोफावतो. थंडीत बर्फाखाली गाडला तरी वसंतात पुन्हा हजर. आपल्या न्हाणीघरामागे बघ, माती दिसते का कुठे?"

"आणि झेल्मामावशी?"

इथे मात्र घोडं अडत होतं. झेल्मामावशी ही वेल्टाची सख्खी मावशी, वय शहाऐंशी, आणि दफनभूमीतल्या घराण्याच्या जागेवर शब्द चालायचा तो तिचाच. तिथे दोनच कबरींची जागा उरली होती. एक वेल्टाची, हे ठरलेलं. शेजारची कोणाची, हे मावशी सांगत नव्हती. इल्मार्सच्या गावची दफनभूमी कधीच धरणाच्या पाण्यात गेली होती. त्याला दुसरं ठिकाण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नकोही होतं. त्याला वेल्टाच्या शेजारीच झोपायचं होतं. दर वर्षी तो भीत भीत विचारायचा आणि दर वर्षी मावशी म्हणायची, "बघू. तुला काय घाई आहे?"

तरीही तो कामाला लागला. माणूस निवृत्त भूमापक. त्याने दोरी ताणून हातहातभर अंतर आखलं, कोरड्या रेतीत पालापाचोळ्याच्या खताची चार पोती कालवली आणि न्हाणीघरामागून आणलेले चाळीस गड्डे ओळीने लावले. एप्रिलमध्ये बर्फ गेलं आणि फुलं आली, आधी गुलाबी, मग निळी. भुंगे आले. शेजारच्या कबरीवाले बघायला थांबले, आणि या वेळी त्यांचं बघणं गोड लागलं. महिनाभर इल्मार्स नवरदेवासारखा हिंडत होता.

जूनमध्ये पावसाने दडी मारली. लिंडेनने जमिनीतलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं, पानांनी माना टाकल्या आणि त्यांच्यावर पांढरी भुरी चढली. कबरींच्या उत्सवाला बारा दिवस उरले होते. त्या दिवशी सगळा गाव फुलं घेऊन येतो, पाद्री येतो, बँड येतो आणि मुख्य म्हणजे झेल्मामावशी येते.

इल्मार्सने बागकामाचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि कात्री घेऊन सगळा पाला जमिनीलगत कापून टाकला.

"अरे, आईचं मुंडन केलंस!" वेल्टा ओरडली.

"नवी पानं येतील. पाणी घालायचं, बस्स."

पंप टेकडीच्या पायथ्याशी, कबर माथ्यावर. रोज वीस झाऱ्या. तिसऱ्या दिवशी त्याला वाकता येईना, पाचव्या दिवशी सरळ होता येईना.

"रेती परवडली असती," वेल्टा म्हणाली.

"आता माघार नाही," तो वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला.

आणि पानं आली! उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी चंदेरी ठिपक्यांचा हिरवागार गालिचा पसरला होता. इल्मार्स बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने झारीतून उडालेल्या पाण्यावर ढकललं.

सकाळी दोघं नटूनथटून निघाले. फाटकाशी झेल्मामावशी दाताळं टेकून उभी होती. तिच्यामागे रेती होती, खताने काळवंडलेली, पण सरळ रेघांची. कुंपणाबाहेर हिरवा ढीग पडला होता.

"आलात?" मावशी म्हणाली. "पहिल्या बसने आले म्हणून अब्रू वाचली. केवढं तण माजलं होतं! आणि जावईबापू, इतकं शिस्तीत वाढलेलं तण मी जन्मात पाहिलं नाही. ओळीने! माती मात्र लोण्यासारखी मऊ. नुसतं ओढलं की मुळासकट हातात."

इल्मार्स कुंपणाबाहेरच्या ढिगाकडे गेला.

"मावशी, ते त्याने लावलं होतं!" वेल्टाला रडू फुटलं. "बारा दिवस पाणी वाहिलंय त्याने! रोज वीस झाऱ्या!"

मावशीने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि इल्मार्सकडे बघितलं.

"मुद्दाम लावलंस?"

"मुद्दाम," इल्मार्स म्हणाला. त्याने कोट काढला, ढिगातून हातात मावतील तेवढे गड्डे उचलले. "आणि आत्ता पुन्हा लावतो. बँड यायच्या आत."

"रेतीवर पाय टाकून तर बघ!"

तो फाटकातच थांबला. उचललेला पाय तीस वर्षांच्या सवयीने हवेतच राहिला. नव्या पांढऱ्या शर्टावर चिखल ओघळत होता.

"माझ्या बहिणीसाठी केलंस हे सगळं?" मावशीचा आवाज जरा मऊ झाला.

हो म्हणायला काय जात होतं? वेल्टा डोळ्यांनी 'हो म्हण, हो म्हण' करत होती. पण खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"नाही. रेती ओढायचा कंटाळा आला होता."

मावशीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग दाताळ्याला धरून अशी हसली, की शेजारच्या कबरीवाल्यांचे आदराने टोप्या काढणारे हात थांबले.

"आळसापायी एवढं राबणारा माणूस आमच्या घराण्यात झाला नाही! जा, दिली तुला वेल्टाशेजारची जागा."

इल्मार्सने हातातल्या गड्ड्यांसकट बायकोला मिठी मारली. वेल्टाचा उत्सवाचा पोशाख गेला, पण तिनेही मिठी सोडली नाही.

"खरंच दिलीत, मावशी?"

"दिली रे दिली," मावशी डोळे पुसत म्हणाली. "तेवढ्याने तरी एका जागी गप्प पडून राहशील."