पैनगंगेपलीकडची शेव

दौलतभाऊ शेववाले कोणाच्याही घरात सरळ शिरत नसत. उंबऱ्याशी थांबत, खांद्यावरची पिशवी खाली ठेवत, तिचं तोंड उघडत आणि आत काय काय आहे ते खणखणीत आवाजात सांगत.

"आधी सांगून टाकतो. शेवेचे दोन पुडे, एक पंचा, तंबाखूची डबी, अन् बायकोच्या गुडघ्याचं तेल. बाकी अंगावर आहे ते."

मग घरातल्या कोणीतरी "या" म्हणायचं. नाही म्हटलं तर ते भर उन्हात तसेच उभे राहत. ढाणकीत माझं भाड्यानं सायकली द्यायचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळे त्यांच्यापायी खाली मान घालायचा मोठा वाटा आमच्याच घराच्या नशिबी आला होता.

माझ्या बहिणीला पाहायला उमरखेडहून मंडळी आली होती. पोहे पुढे आले, बहीण पाटावर येऊन बसली आणि दारात दौलतभाऊ. त्या दिवशी पिशवीत होतं ते सगळं त्यांनी पाहुण्यांना ऐकवलं. शेवटी म्हणाले, "अन् उंदीर मारायचं औषध. कालच आणलं." मुलाच्या वडिलांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. सोयरीक जमली, नाही असं नाही. पण त्या व्याह्यांनी पुढे जन्मात आमच्याकडे पोहे खाल्ले नाहीत.

एसटीत चढतानाही तेच. कंडक्टर हात जोडून म्हणायचा, "बाबा, मी काई तुमची झडती घेऊन नाई राह्यलो. बसा ना." मारुतीच्या देवळात तर मी त्यांना देवाला पिशवी दाखवताना पाहिलंय. माझी आई म्हणायची, हा माणूस यमाच्या दारातही रांग अडवून उभा राहील.

ही सवय त्यांना पैनगंगेनं लावली. नदीच्या अलीकडे आमचं वऱ्हाड, पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. तिकडे माल विकायचा तर परदेशात विकल्यासारखाच. पलीकडच्या काठावर करोडगिरीचा नाका होता. तिथं जकात भरल्याशिवाय विड्याचं पानसुद्धा पुढे जात नसे. दौलतभाऊ आपल्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पाडलेली लसणाची शेव तांबड्या कागदाच्या बंद पुड्यांतून तिकडच्या बाजाराला नेत. नाक्यावर करीम मुन्शी बसत. ते एक पुडा फोडत, चिमूटभर शेव तोंडात टाकत, डोळे मिटून चावत, मग जकात घेऊन प्रत्येक पुड्यावर जांभळा शिक्का मारत. शिक्क्यावर "महसूल वसूल" एवढंच लिहिलेलं, खाली मुन्शीजींचं नाव.

पण गिऱ्हाईक वेगळंच समजलं. मुन्शीजी चाखून पाहतात म्हणजे ही सरकारनं पास केलेली शेव. तिकडे लग्नकार्यात, दवाखान्यात पेशंटला, कोर्टात वकिलाला द्यायला शिक्क्याचीच शेव लागे. बिनशिक्क्याची शेव गुरांनाही घालणार नाही, असं लोक बोलत.

पुढे निजाम गेला. काही वर्षांनी नाकाही उठला. छप्पन्न साली दोन्ही काठ एकाच राज्यात आले. सगळे व्यापारी खूश झाले, जकातीतून सुटलो म्हणून. दौलतभाऊ तेवढे बुडाले. जकात नाही म्हणून शिक्का नाही, आणि शिक्का नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. तीच शेव, तोच लसूण, तोच पुडा; लोक उलटसुलट करून पाहत आणि परत ठेवत. जकात माफ झाली म्हणून ज्याचा धंदा बसला असा साऱ्या मुलखात हा एकच माणूस असेल.

मग त्यांनी एक रताळं घेतलं.

हे मला त्यांनीच सांगितलं. एका दुपारी मी पंक्चर काढत होतो आणि ते समोर उकिडवे बसले होते. रताळ्याच्या कापावर त्यांनी जुन्या पुड्यावरचा शिक्का उठवला, चाकूनं कोरला आणि जांभळ्या शाईत बुडवून पुड्यांवर मारला. शेव पुन्हा धडाक्यानं खपू लागली. रताळं सुकत जाई तसा सरकारचा शिक्का आक्रसत जाई, मग नवं कोरायचं. घरात कोणाला पत्ता नव्हता. एका एकादशीला वहिनींनी कोपऱ्यातलं रताळं उकडून खाल्लं आणि त्यांची जीभ जांभळी झाली, तेव्हा बिंग फुटलं.

मी इतका हसलो की हातातलं सोल्यूशन सांडलं. दौलतभाऊ हसले नाहीत.

"हसून नको राहू सुदाम," ते म्हणाले. "त्या शिक्क्यात त्या माणसाचं नाव होतं."

नाका उठल्यावर मुन्शीजी पलीकडच्या गावातच राहिले होते. माणूस चोख म्हणून बाजारानं त्यांना धान्य तोलायचं काम दिलं होतं. पुड्यांवर त्यांच्या नावाचा शिक्का दिसायला लागला तशी कुजबुज सुरू झाली. नोकरी गेली तरी म्हातारा शिक्के विकून पैसे खातो. कोणी विचारलं नाही, कोणी खातरजमा केली नाही. काटा काढून घेतला, दुसऱ्याला दिला. लोकांनी त्यांच्या ओट्यावर बसणं सोडलं. हे दौलतभाऊंच्या कानावर आलं त्या दिवसापासून त्यांनी तिकडे शेव नेणं बंद केलं, आणि नाक्यावरची सवय घराघरांच्या उंबऱ्यावर आली.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. दर बाजारच्या दिवशी ते माझी सायकल भाड्यानं नेत आणि ऊन तापायच्या आत परत आणून लावत. एवढ्या वेळात नदी ओलांडून बाजार होत नाही.

"काठापर्यंत जातो," ते म्हणाले. "सांगा लागते त्याले. पन पाय पान्यात पडत नाही. तू येतं काय संगं?"

मी गेलो. पाणी गुडघ्याएवढंच होतं. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही नदी उतरलो. पलीकडे बाजार भरला होता. मुन्शीजींचा ओटा बाजाराच्या तोंडालाच होता, आणि त्या गर्दीत तेवढीच जागा रिकामी होती.

"आओ जी दौलतशेठ!" म्हातारा धडपडत उठला. "कित्ते दिनां के बाद!" आम्हाला त्यांनी चटईवर बसवलं, आत चहा सांगितला. दौलतभाऊंनी शेवेचा पुडा पुढे ठेवला, कोरा, काही न छापलेला. मग घसा खाकरून म्हणाले, "मुन्शीजी, आधी सांगून टाकतो..."

"बोलो ना."

दौलतभाऊंनी पुडा बोटानं आणखी पुढे सरकवला. म्हणाले, "या खेपेला मीठ कमी पडलं."

मुन्शीजींनी पुडा फोडला, चिमूटभर शेव तोंडात टाकली, डोळे मिटले. "बराबर है," म्हणाले. मग माझ्याकडे वळून आमच्यासारखंच मराठी बोलले, "तुम्हाले सांगतो, दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या मी उलट्या करून पाहत होतो. ह्याचा पुडा फक्त खायासाठी फोडत होतो. कोणीतरी माझं नाव खराब केलं. कोण, ते मी शोधलं नाही. वाटलं, शोधत बसलो तर हरेकावर शक येईल. एक माणूस तरी राहू दे, ज्याच्यावर शक नाही."

असं म्हणून त्यांनी दौलतभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या चटईवर बसवेना. मी सायकलीची हवा पाहायला म्हणून उठलो.

परतताना नदीच्या मधोमध दौलतभाऊ थांबले. "त्याच्यापाशी तेवढंच उरलं, सुदाम. ते बी काढून घेऊ काय?" मी सायकल दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग त्यांनीच म्हटलं, "का मी भेलो? मले समजून नाई राह्यलं. लाज वाटते बाप्पा."

त्यानंतर ते दर बाजारी पलीकडे जाऊ लागले. विकायला काही नेत नसत. सकाळपासून बाजार उठेपर्यंत त्या ओट्यावर मुन्शीजींशेजारी बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. पहिल्यांदा लोक पाहून न पाहिल्यासारखं करत. मग एकानं रामराम केला. मग कोणीतरी टेकलं. काटा काही परत मिळाला नाही, पण ओटा रिकामा राहिना. दौलतभाऊ मात्र दर वेळी आज सांगणार म्हणून जात आणि चहा पिऊन परत येत.

एकदा मी त्यांना घ्यायला गेलो होतो. ते हात धुवायला आत गेले, तेव्हा मुन्शीजी माझ्या कानाशी लागले.

"हा लई गप राहतो. पहिले किती बोलायचा. घरी काही दुःख आहे काय? तुम्ही शेजारी, तुम्ही विचारा. मी विचारलं तर त्याले वाईट वाटेल."

"विचारतो," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडे न पाहता सायकल धरून ओट्याखाली उतरलो.